जे आडात, तेच पोहऱ्यात

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण एखाद्याच्या बुद्धीविषयी किंवा दानतीविषयी सहज म्हणून जातो. प्रत्यक्ष आडात काय आहे याची चौकशी मात्र फारशी करीत नाही. पाणी नितळ दिसले, वास आला नाही, चव गोड लागली की ते चांगले, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. या समजुतीला न जुमानणारा एक पदार्थ आज महाराष्ट्रातील अनेक विहिरींत आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे नाव नायट्रेट. तो कोठून आला असे विचारले की बोट रासायनिक खतांकडे दाखविले जाते, आणि ते चुकीचे नाही. पण दुसरे एक उत्तर आपल्याच परसदारी सिमेंटच्या झाकणाखाली आहे. ते म्हणजे आपल्या संडासाची टाकी. या उत्तराविषयी बोलायला आपण बिचकतो, म्हणून हा लेख.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक खुपसू नये, तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा प्रांत आहे, असे कोणी म्हणेल. पण माझा विषय भूगोल आहे. पाऊस किती पडतो, त्यातला किती मुरतो, उतार कोणीकडे आहे आणि माणसे किती दाट राहतात, या चार गोष्टी भूगोलाच्या नाहीत तर कोणाच्या? आणि पुढे दिसेल की प्रस्तुत प्रश्न बव्हंशी या चार गोष्टींचाच आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. संडास नकोत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पहाटेच्या अंधारात डबा घेऊन रस्त्याकडेला जाणाऱ्या आयाबहिणींची कुचंबणा ज्यांनी पाहिली आहे ते असे म्हणणारच नाहीत. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या जाहीर करण्यात कागदी भाग किती होता हा वाद बाजूला ठेवू. घरोघर संडास झाले, ही मोठी गोष्ट झाली. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. संडास किती झाले हे आपण मोजले. त्या संडासांतून जमिनीत काय गेले हे कोणी मोजले?

टाकीत काय घडते ते आधी पाहू. सेप्टिक टाकी म्हणजे मैला नाहीसा करणारे जादूचे भांडे, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ती निवळण्याची टाकी आहे. जड भाग तळाला बसतो, हवेवाचून जगणारे जंतू त्यातला काही भाग कुजवतात, आणि वरचे निवळलेले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. त्या पाण्यातून घाण दिसेनाशी झालेली असते, पण नत्र जवळजवळ सगळा तसाच असतो. त्याने फक्त अमोनियाचे रूप घेतलेले असते. हे पाणी शोषखड्ड्याखालच्या हवेशीर थरात उतरले की तेथील जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनियाला चिकणमाती धरून ठेवते. नायट्रेटला ती धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. वाटेत प्राणवायू नसलेला आणि सेंद्रिय द्रव्य असलेला थर लागला तर काही जीवाणू नायट्रेट फोडून नत्र पुन्हा हवेत सोडतात, तेवढीच आपली सुटका. तसा थर लागला नाही, तर ते थेट भूजलात.

आता आपली जमीन पाहा. महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड आणि मग अखंड काळा पाषाण. गाळणीचे आणि नत्र परतविण्याचे जे काही काम होते ते मुख्यतः मातीच्या थरात. पण आपण खड्डा घेतो तो माती ओलांडून मुरमापर्यंत, कारण काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही आणि गवंड्याला तर खड्डा 'ओढणारा' हवा असतो. मुरमाखालच्या भेगांतून पाणी चाळणीतून जावे तसे जात नाही. ते पन्हाळीतून जावे तसे जाते. त्यातच पुष्कळ ठिकाणी टाकीला तळच केलेला नसतो. 'आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही भरली नाही' असे अभिमानाने सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. न भरणारी टाकी ही टाकी नसून गळती आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. पाच माणसे रोज वापरीत असलेली टाकी भरत नाही, याचा अर्थ ती भूमातेच्या पोटात रिकामी होत आहे, एवढाच.

टाकी भरू नये ही इच्छा कोठून आली याचाही विचार केला पाहिजे. मैला उपसण्याचे काम आपल्या समाजाने शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले आणि स्वतः नाकाला पदर लावून बाजूला झाला. आज ते काम करावयास माणूस सहजी मिळत नाही आणि मिळू नये. कायद्याचीही त्याला मनाई आहे. पण आपला मैला ही आपली जबाबदारी आहे, हे मात्र आपण अद्याप शिकलो नाही. म्हणून भलामोठा बिनतळाचा खड्डा खणून तो प्रश्न आपण नातवंडांवर ढकलतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन मैल्याचे खत करून ते शेतात घालीत होते. देहूत डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर संडास आणि जैववायू यांची सांगड घातली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांचे सांगणे एकच होते की मैला हे धन आहे, ते जमिनीच्या वरच्या थरात, पिकाच्या मुळाशी गेले पाहिजे. आपण ते धन मुळांच्या आवाक्याखाली, सहा-आठ फुटांवर पुरले.

किती पुरले, याचा हिशेब करता येतो आणि तो अंकगणिताच्या पलीकडचा नाही. १९९२ साली हँट्झ आणि फिनेमोर या दोन अमेरिकन अभियंत्यांनी 'ग्राउंड वॉटर' नावाच्या नियतकालिकात त्याची सोपी रीत मांडली. टाक्यांतून किती नत्र उतरतो आणि त्याच जागेवर पावसाचे किती पाणी मुरते, यांचा मेळ घालायचा. तीच रीत आपण आपल्या एका घराला लावून पाहू.

भारतीय आहारावर माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र बाहेर पडतो असा अंदाज आहे. त्यातला सुमारे २.३ किलो एकट्या मूत्रात असतो. पाच माणसांच्या घराचा हिशेब साडेतेरा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो, म्हणजे दरसाल दोन-तृतीयांश गोणी युरिया झाला. आपल्या विहिरीपासून पंधरा पावलांवर एकाच खड्ड्यात दरवर्षी दोन-तृतीयांश गोणी युरिया ओतणारा शेतकरी दिसला तर आपण त्याला वेड्यात काढू. संडासाच्या बाबतीत मात्र त्याला अनुदान मिळते!

पुढे चलू. या नत्रापैकी निम्मा गाळात राहिला किंवा हवेत गेला असे उदारपणे धरू. उरला पावणेसात किलो. एक किलो नत्राचे नायट्रेट होताना वजन ४.४३ पट होते, म्हणजे सुमारे तीस किलो नायट्रेट भूजलाकडे निघाले. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट चालत नाही, आणि दुसरे पाणी मिळत नाही म्हणूनही या मर्यादेत सवलत नाही. तीस किलो नायट्रेट या मर्यादेपर्यंत पातळ करावयास सुमारे ६ लाख ६७ हजार लिटर स्वच्छ पाणी लागते. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला दहावा हिस्सा मुरतो असे धरले, तर एवढे पाणी मुरण्यासाठी जमीन लागते सुमारे ९४ गुंठे. सव्वादोन एकरांहून थोडी अधिक! एका घराला!

आणि घर असते किती गुंठ्यांत? गावठाणात दोन गुंठे म्हणजे सुखवस्तू. एका एकरात पंधरा घरे असली तर त्यांच्या टाक्यांना पस्तीस एकरांवरचे मुरणारे पाणी हवे. हिशेब फार कडक झाला असे वाटत असेल तर निम्म्याऐवजी तीन-चतुर्थांश नत्र वाटेत नाहीसा झाला असे धरा. तरी एका घराला ४७ गुंठे लागतातच. उलट, मुरणारे पाणी कोरे नसून त्यात आधीच शेतातले २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर पहिला आकडा सव्वाचार एकरांच्या घरात जातो. कोकणात अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि तोच दहावा हिस्सा मुरला तर २६ गुंठ्यांत भागते, शिवाय तेथे घरे वाडीवाडीत विखुरलेली. म्हणजे जे संडासाचे चित्र कोकणातल्या एकांड्या घराला शोभते तेच मराठवाड्यातल्या दाट गावठाणाला शोभेलच असे नाही. सरकारी नकाशा मात्र दोन्हीकडे एकच.

येथे माझ्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा येतो. संडास आणि विहीर यांत अंतर किती असावे याचे नियम आहेत. कोठे दहा मीटर, कोठे पंधरा. भारतीय मानक संहितेत शोषखड्ड्यासाठी अठरा मीटर सांगितले आहे. ग्रामसेवक फीत लावतो, अंतर भरते, आणि सगळ्यांचे समाधान होते. पण हे अंतर रोगजंतूंसाठी ठरविलेले आहे. जंतू मातीत अडकतात, काही दिवसांनी मरतात. त्यांना अंतराने हरविता येते. नायट्रेट मरत नाही. पंधरा मीटर काय आणि दीडशे मीटर काय, वाटेत त्याला कोणी फोडले नाही आणि वरून पातळ करणारे पाणी आले नाही, तर ते पोहोचतेच. म्हणून नायट्रेटचा प्रश्न एका खड्ड्याच्या अंतराचा नाही. तो एकरी घरांचा आहे. प्रत्येक घराने नियम पाळला आणि तरीही गावाचा आड बिघडला, हे अगदी शक्य आहे. कारण नियमाने पंधरा घरांची बेरीज कधी केलीच नाही.

कोणी म्हणेल, गावाला शिवार केवढे मोठे असते, तेथे दोनशे घरांचे नायट्रेट सहज जिरेल. शिवाराला जिरेलही. पण भूजल म्हणजे गावजेवणाची आमटी नव्हे की कोणी मोठ्या पळीने ढवळून सगळीकडे सारखी करील. गावठाणाखालून निघालेले पाणी बहुधा जमिनीच्या उताराने ओढ्याकडे सरकते आणि त्या वाटेवर जो आड, जो हातपंप, जे बोअर असेल त्याच्या वाट्याला ते जाते. शिवाराच्या पलीकडच्या टोकाला मुरलेला पाऊस त्याच्या मदतीला धावत नाही. शिवार पुरते, आड पुरत नाही.

याने बिघडते काय? १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने निळसर पडलेल्या तान्ह्या मुलांचा छडा लावला. ती मुले वरच्या दुधावर होती आणि ते दूध विहिरीच्या पाण्यात कालविलेले होते. पाण्यातले नायट्रेट शरीरात नायट्राइट बनते, आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे असे रूपांतर करते की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाचे रक्त हे निस्तरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे निस्तरू शकत नाही. अंगावर पिणाऱ्या मुलाला हा धोका जवळजवळ नाही. म्हणजे ज्या घरात आईला दूध पुरत नाही किंवा आई मजुरीवर जाते आणि आजी पावडरीचे दूध कालवते, त्या घरातले मूल सर्वांत आधी सापडते. ती आजी पाणी दहा मिनिटे उकळून घेते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट उडून जात नाही. पाणी आटते आणि तेवढेच नायट्रेट कमी पाण्यात उरते. जितकी काळजी अधिक तितका डोस अधिक, असा हा दुर्दैवी प्रकार आहे.

गावातल्या पाण्याची तपासणी होते ती कशाची, तेही पाहण्यासारखे आहे. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी परीक्षा घेतो, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे म्हणून निर्धास्त होतो. वर्षातून दोनदा ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. हे सारे जुलाब-काविळीच्या साथी टाळण्यासाठी आवश्यकच आहे, पण क्लोरीनचा नायट्रेटवर काडीचा परिणाम होत नाही. हिरवे कार्ड भिंतीवर आणि नायट्रेट आडात, असे दोन्ही एकाच गावात सुखाने नांदू शकते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातील नमुन्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शात नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून अधिक होते. अधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही आपलीच नावे आहेत.

अर्थात हे सारे संडासांचे पाप आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेतात युरिया पडतो, गोठ्यामागे उकिरडा असतो, आणि एक म्हैस पाच माणसांच्या घराहून अधिक नत्र टाकू शकते. वाटा कोणाचा किती, हे शोधण्याची शास्त्रीय साधने आहेत. नत्राच्या समस्थानिकांवरूनही अंदाज बांधता येतो, पण ती परीक्षा महाग. गावाला परवडेल असा उपाय साधा आहे. गावठाणाच्या वरच्या अंगाची एक विहीर, गावठाणातला आड आणि उताराकडची एक विहीर, अशा तिन्हींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावे. नायट्रेटबरोबर क्लोराइडही पाहावे. माणूस मीठ खातो, ते त्याच्या मूत्रातून टाकीत उतरते. म्हणून गावठाण ओलांडताना नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकदम चढले तर संशय टाकीकडे आणि गोठ्याकडे जातो. वरच्या विहिरीतच नायट्रेट भरपूर असेल तर शेताला जाब विचारावा. जल जीवन अभियानात गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे आणि गावात तपासणी संच ठेवायचा असे ठरलेले आहे. त्या संचात नायट्रेटची परीक्षा असते. तो संच बहुतेक ठिकाणी कपाटात असतो ही गोष्ट निराळी.

प्रयोगशाळेचा कागद वाचताना एक खोच मात्र लक्षात ठेवावी. काही कागदांवर आकडा नायट्रेट म्हणून दिलेला असतो, काहींवर नायट्रेटमधला नत्र म्हणून. दुसऱ्या प्रकारात मर्यादा ४५ नसून सुमारे १० आहे. कागदावर १२ वाचून 'पंचेचाळीसच्या किती खाली!' म्हणून जो समाधानाने घरी जाईल, त्याच्या पाण्यात प्रत्यक्ष ५३ मिलिग्रॅम नायट्रेट असेल.

मग करायचे काय? दोन खड्ड्यांचा संडास बिनतळाच्या टाकीपेक्षा पुष्कळ बरा, कारण त्यातले सोनखत निदान शेतात जाते. पण पातळ भाग त्यातूनही खालीच जातो, तेव्हा दाट वस्तीत तोही पुरेसे उत्तर नाही. दाट गावठाणात तळ आणि गिलावा केलेली टाकी हवी, तिचे पाणी बंद नळीने गावाबाहेर नेऊन पिकाला दिले पाहिजे, आणि गाळ वेळच्या वेळी यंत्राने उपसला पाहिजे. गोठा असेल तेथे जैववायू. मूत्र वेगळे काढता आले तर नत्राचा मोठा वाटा तेथेच वाचतो. शाळेच्या मुतारीपासून याचा आरंभ करता येईल. आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचा शोषखड्डा खुशाल असू द्यावा, त्यात नत्र फार थोडा. आणि हे होईतो, ज्या घरात वरच्या दुधावरचे तान्हे मूल आहे त्या घराला तपासलेले पाणी देणे ग्रामपंचायतीला जड नाही. अशी घरे गावात असतात किती? अंगणवाडीताईंच्या वहीत त्यांची नावे असतातच.

खर्चाची गोष्ट निघेल. निघू दे. बंद नळीला पैसा लागतो हे खरे, पण घरे मोजायला लागत नाही. नव्या संडासाला मंजुरी देताना 'विहिरीपासून अंतर किती' या रकान्याशेजारी 'या एकरात आधीच टाक्या किती' असा आणखी एक रकाना घालायला किती खर्च येईल?

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावी सात दिवस मुक्कामाला असते. श्रमदान होते, रात्री पोवाडे होतात, प्रभातफेरी निघते. येत्या शिबिरात फावड्यांबरोबर मोजण्याची फीत, गावठाणाचा नकाशा आणि पाण्याच्या तीन स्वच्छ बाटल्या न्याव्यात असे मी सुचवितो. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी टाक्या मोजून नकाशावर मांडाव्यात, मराठीच्या विद्यार्थ्यांनी घरोघर विचारून टाकीला तळ आहे की नाही ते लिहून घ्यावे (या प्रश्नाला गोड भाषा लागते, आणि ती त्यांच्याकडे असते), अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नळीचा खर्च काढावा. आकडे काय येतील ते येवोत. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहून, खाली तारीख घालून, शिबिराच्या शेवटच्या दिवशी ग्रामसभेपुढे वाचावेत.